हिमोफिलियाच्या शिबिराला मुलाला धाडताना : माझा अनुभव

मुलगा दहा वर्षांचा, वजन 28 किलो. हिमोफिलिया ए, सिव्हिअर. म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ नावाचं प्रथिन रक्तात नेहमीच्या एक टक्क्याहून कमी, त्यामुळं रक्तस्राव लवकर थांबत नाही. उन्हाळी सुट्टीत हुबळीच्या पुढं चार दिवसांचं शिबिर होतं, बेळगावहून लाल बसनं जायचं. कपड्यांची बॅग अर्ध्या तासात भरली. फॅक्टरच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या त्याच प्रथिनाच्या औषधाच्या, डब्याला आठवडा गेला.

आधी हिशोब. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टर आठ साधारण दोन टक्के चढतो. फॅक्टर नऊ एकच टक्का चढतो, तेव्हा तो कमी असलेल्या हिमोफिलिया बी वाल्यांनी माझे आकडे उचलू नयेत. सांध्यात रक्तस्राव झाला तर आमच्या डॉक्टरांनी किलोमागे 25 लिहून दिलंय, म्हणजे 700. बाटल्या 250, 500, 1000 अशा येतात. 500 आणि 250 एकत्र द्यायच्या, उरलेलं फेकायचं नाही. डोक्याला मार लागला तर किलोमागे 50, म्हणजे 1400. त्यासाठी 1000 ची एक आणि 500 ची एक वेगळ्या पिशवीत, वर मार्करनं 'डोकं'. सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ : आधी फॅक्टर, मग स्कॅन. दुसरी : कमरेत-दंडात इंजेक्शन नको, अ‍ॅस्पिरिन-ब्रुफेन नको, तापाला पॅरासिटामॉल. ही चिठ्ठी कन्नडमध्येही करून घेतली. रात्रपाळीच्या सिस्टरला मराठी चिठ्ठी दाखवून काय उपयोग?

डबा लसीचा असतो तसला. फॅक्टर 2 ते 8 अंशात ठेवायचा, पण गोठवायचा नाही. मागच्या खेपेला फ्रीझरमधल्या आइसपॅक तशाच लावल्या आणि औषधाच्या भुकटीत मिसळायच्या पाण्याची एक बाटली तडकली. आता पॅक बाहेर काढून ठेवतो, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच डब्यात. बाटल्यांभोवती टॉवेलही गुंडाळतो.

शिबिरात पोरं स्वतः सुई घ्यायला शिकतात, म्हणून घरी रंगीत तालीम केली. भुकटीची आणि पाण्याची, दोन्ही बाटल्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या. पाणी भुकटीवर थेट नाही, काचेच्या कडेनं सोडायचं. मग बाटली तळव्यात हळू फिरवायची. पोरं हटकून हलवतात, फेस होतो आणि सिरिंजमध्ये नीट ओढला जात नाही. 25 नंबरची बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई), औषध सावकाश ढकलणं. सुई काढल्यावर कोपर दुमडायचं नाही, हात सरळ ठेवून पाच मिनिटं कापूस दाबायचा.

रक्तस्राव होऊ नये म्हणून घ्यायचा नेहमीचा डोस सकाळी, खेळाआधी. फॅक्टर आठ 8 ते 12 तासांत निम्म्यावर येतो. रात्री दिला तर मैदानात उतरेपर्यंत निम्मा संपलेला.

आणि एक पाठ करून घेतलं : गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं किंवा गरम वाटलं की लगेच सरांना सांगायचं, सूज दिसेपर्यंत थांबायचं नाही. पोरं खेळ सुटेल म्हणून लपवतात.

प्रत्येक बाटलीचं स्टिकर वहीत चिकटवून तारीख, वेळ, युनिट. थंडाव्यातून बाहेर काढलेल्या बाटलीवर बाहेर काढल्याची तारीख. ती परत फ्रीजमध्ये जात नाही, आल्यावर पहिली तीच वापरायची.