डोक्यावर काठी धरून ध्रुववृत्तापर्यंत

नवऱ्याच्या टकलावर रक्ताचा एक थेंब उभा होता आणि तो मला विचारत होता, "जास्त लागलंय का गं?" लागलं काहीच नव्हतं. मला हसू आवरेना. तेवढ्यात त्याला टोचून गेलेला पक्षी किंचाळत माझ्यावर आला आणि माझं हसू तिथेच संपलं.

ग्रिम्सी हे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यापासून साधारण 40 किलोमीटरवर, समुद्रात एकटंच पडलेलं बेट. क्षेत्रफळ 5 चौरस किलोमीटरहून जरासं जास्त, वस्ती जेमतेम साठेक माणसांची, धंदा मासेमारीचा. आकुरेरीहून छोटं विमान अर्ध्या तासात पोचवतं. आम्ही पैसे वाचवले आणि डाल्विकहून फेरीबोट धरली. तिला तीन तास लागतात. त्या तीन तासांबद्दल एवढंच सांगते, की सोबत आणलेल्या आलेपाकाच्या वड्यांनी काही केलं नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर नवऱ्याला उत्तर ध्रुववृत्त ओलांडायचं होतं. भोपाळहून सांचीला जाताना कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथेही त्याने गाडी थांबवून फोटो काढायला लावले होते. आइसलँडमध्ये हे वृत्त जमिनीवर पाय टेकतं ते फक्त ग्रिम्सीत. विमानतळाजवळ खांब आहे, त्यावर जगातल्या शहरांची अंतरं दाखवणारे बाण आहेत. आम्ही तिथे दोन्ही बाजूंना पाय ठेवून मनसोक्त फोटो काढले. मग दुकानातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "वृत्त इथे नाहीये. ते केव्हाच वर गेलं."

झालं काय, तर पृथ्वीच्या आसाचा कल सध्या हळूहळू कमी होतोय, त्यामुळे ध्रुववृत्त वर्षाला सरासरी 14-15 मीटर उत्तरेकडे सरकतं. शाळेत तुटक रेघेने 66½ अंश काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते, आणि ती रेघ तेव्हापासून चालतेच आहे! या शतकाच्या मध्याच्या सुमाराला ती बेट सोडून समुद्रात जाणार. म्हणून 2017 मध्ये बेटाच्या उत्तर टोकाला 3 मीटर व्यासाचा, आठेक टन वजनाचा काँक्रीटचा गोळा ठेवलाय. वृत्त सरकलं की त्यालाही सरकवायचं, अशी मूळ कल्पना. बंदरापासून तिथे चालत जाऊन परत यायला तीन तास धरा, आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

आता कबुलीजबाब. दुकानाच्या दाराशी एका पिंपात लाकडी काठ्या उभ्या केल्या होत्या. मला वाटलं, म्हाताऱ्या पर्यटकांची सोय. "आपण काय म्हातारे आहोत का?" असं मीच म्हणाले.

तो पक्षी म्हणजे आर्क्टिक सुरय. पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, लाल चोच, वजन शंभरेक ग्रॅम. तिथले लोक त्याला क्रीआ म्हणतात, त्याच्या ओरडण्यावरून. (नवरा म्हणाला, "ही क्रिया, आणि प्रतिक्रिया आपण.") हा जीव अंटार्क्टिकाच्या समुद्रातून इथे अंडी घालायला येतो आणि उन्हाळा संपला की परत तिकडेच जातो. वर्षाचा प्रवास 70,000 किलोमीटरच्या आसपास. एवढं उडून आल्यावर कुणी आपल्या अंड्यांजवळ फिरकलेलं कसं खपवून घेईल? एक टोचतो, दुसरा अंगावर शिटतो, तिसरा कानाशी किंचाळतो. मी जॅकेट डोक्यावर ओढून कमरेत वाकून पळत होते. नवऱ्याने चालून गरम होतंय म्हणून नेमकी तेव्हाच लोकरी टोपी काढली होती.

मला आमच्या पुण्याच्या वाड्यातले उन्हाळे आठवले. अंगणात कावळ्याचं घरटं असलं की तो डोक्यात टोच मारायचा. मग आजी आधी अंघोळीला पिटाळायची, जखम नंतर बघायची.

मागून चारचाकी मोटारबाइकवर एक आजोबा आले. थांबले, आमच्याकडे बघून मान हलवली आणि बाइकला बांधलेली काठी काढून नवऱ्याच्या हातात दिली. "मारायचं नाही. नुसती डोक्याच्या वर धर. तो सगळ्यात उंच असेल त्यालाच टोचतो." आणि निघून गेले. युक्ती लागू पडली! टक्, टक्, टक्, सगळा राग काठीच्या टोकावर. दोघांत एक काठी, म्हणून पावसात एका छत्रीत चालावं तसे आम्ही चिकटून चालत होतो. एकदा तर मी पाय उचलला तो हवेतच थांबवला. रस्त्याच्या कडेला, खडीतच, दोन अंडी होती. काथ्याच्या रंगाची, वर तपकिरी शिंतोडे. घरटं म्हणावं असं खाली काही नव्हतं, नुसता एक खळगा. मी पाय जपून मागे घेतला आणि मग बराच वेळ आमच्यात कुणी बोललं नाही. वर टक् टक् चालूच.

बेटावर झाड औषधालाही नाही. जुलैत 8 अंश, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी. अटलांटिकचं कोमट पाणी इथवर पोचतं म्हणून जानेवारीतही सरासरी पारा शून्याच्या आसपासच राहतो, असं वाचलं होतं. वाऱ्याचं कुणी लिहिलं नव्हतं. आइसलँडभर जमिनीतली ऊष्णता आणि धबधबे वीज देतात, इथली मुख्यतः डिझेल जनरेटरवर. 2021 मध्ये जळालेल्या जुन्या चर्चच्या जागी उभं राहिलेलं नवं चर्च बाहेरूनच पाहिलं. कड्यावर पफिन नावाचे समुद्रपक्षी ढिगाने होते. गोंडस आहेत, पण त्यांच्यावर सगळ्यांनीच लिहिलंय.

गोळ्यापाशी दहा मिनिटं मिळाली. नवऱ्याने त्याला हात लावला, फोटो काढला, घड्याळ बघितलं. परतीची वाट काठीसह, जवळजवळ पळत. बंदरावर गरम सूप प्यायचं ठरलं होतं, ते राहिलंच. काठी पिंपात ठेवताना पाहिलं, तिचं टोक टोचांनी भरलं होतं आणि खालपर्यंत पांढरे ओघळ वाळले होते.

रात्री आकुरेरीहून सासूबाईंना फोन केला. ध्रुववृत्ताचं त्यांनी ऐकून घेतलं. पक्ष्याने मुलाच्या डोक्यात टोच मारली म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. "अगोदर अंघोळ करा दोघंही."

केली.