टाळ कानाला टोचायलेत की रे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचे चार अभंग मी मार्चमध्येच देवळात रेकॉर्ड करून घेतले. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की इकडे माइक उघडायची सोय नाही. मिक्स करून बुवांना ऐकवलं. म्हणाले, "टाळ कानाला टोचायलेत की रे. आणि पखवाज कुठं गेला?"

त्यांच्या आवडत्या जुन्या सीडीतला एक अभंग नमुना म्हणून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या ट्रॅकवर ठेवला. चूक तिथेच झाली. एलयूएफएस हे आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. त्यात सीडी उणे १२, माझं मिक्स उणे २०. आवाज मोठा असला की खर्ज आणि तार दोन्ही कानात जास्त भरतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलंय. हे माहीत असूनही दोन संध्याकाळी मी बेस आणि ट्रेबल वाढवत बसलो. शेवटी सीडीचा ट्रॅकच ८ डेसिबलने (डीबी) खाली आणला. निम्मा फरक तिथेच मिटला!

उरलेला मात्र खरा होता. कुठल्या पट्ट्यात किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या स्पॅन या मोफत ॲनालायझरवर २५० ते ३०० हर्ट्झला फुगवटा दिसत होता, देवळाच्या लादीचा आणि भिंतींचा. पखवाज त्याच्याखाली दबला होता. तिथे ३ डीबी कमी केले आणि बेसला हात न लावता डावी पुडी बोलायला लागली. कणीक ताजी लावलेली; घुमारा रेकॉर्डिंगमध्ये होताच.

टाळांचं टोक ५-६ हजार हर्ट्झला. सरळ ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करायचं साधन) कापलं तर बुवांचे 'स' आणि 'श' बोथट होत. मग मल्टिबँड कॉम्प्रेसर लावला. टाळ पडतील तेवढ्यापुरताच तो पट्टा दबतो.

मधे नमुन्याच्या रेषेला आपली रेषा आपोआप जुळवणारा मॅच ईक्यूही करून पाहिला. सीडीत पेटी पुढे, आमच्यात पखवाज. रेषा हुबेहूब जुळली आणि बुवांचा आवाज नाकातून यायला लागला. लगेच काढला.

लिमिटरने, म्हणजे टोकं दाबून एकूण आवाज वाढवणाऱ्या साधनाने, सीडीएवढं उणे १२ गाठायला गेलो तर पखवाजाची थाप मेली. साधारण उणे १४च्या वरचं यूट्यूब स्वतःच खाली आणतं, मग थाप कशाला मारायची? उणे १४वर थांबलो, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १.

परवा देवळातल्या स्पीकरवर लावलं. टाळांबद्दल बुवा काही बोलले नाहीत. तिसरा अभंग पुन्हा लावायला सांगितला.