पोच सापडली पाहिजे

पुण्यात सदाशिव पेठेत आमचा औषधांच्या घाऊक वितरणाचा व्यवसाय आहे. दिवसाला साधारण ४०० बिले निघतात आणि प्रत्येक बिलाची एक प्रत दुकानदाराच्या सही-शिक्क्यानिशी, म्हणजे पोच होऊन, आमच्याकडे परत येते. बिल संगणकात असतेच. त्यामुळे या परत आलेल्या कागदाकडे आम्ही अनेक वर्षे पुरेसे लक्ष दिले नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी एका जुन्या दुकानदाराने एका बिलाची रक्कम थांबवली. एक बॉक्स कमी आला, असे त्यांचे म्हणणे होते आणि आम्ही मात्र वसुलीसाठी फोन करत राहिलो. नऊ दिवसांनी ती पोच दुसऱ्याच भागाच्या बॉक्स फाईलमध्ये सापडली. तिच्यावर पेनाने स्पष्ट लिहिले होते, ‘१ बॉक्स कमी’. वडिलांच्या काळापासून आमच्याकडून माल घेणाऱ्या माणसाचे खरे बोलणे आम्ही नऊ दिवस खोटे ठरवत होतो, ही गोष्ट मला फार लागली.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक झाले. त्यावरचा ६४ अक्षरी क्रमांक बिलाची नोंद झाल्याचे सिद्ध करतो. माल पोहोचल्याचे नाही. जीएसटी कायद्यातही खरेदीदाराला कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळण्यासाठी बिल हातात असणे पुरत नाही, माल मिळालेला असावा लागतो.

आता प्रत्येक बिलावर बारकोड छापतो. डिलिव्हरीची मुले परतली की त्याच संध्याकाळी सर्व पोच स्कॅनरमधून जातात आणि बारकोड वाचून प्रत्येक फाईलला बिलाचा क्रमांक आपोआप मिळतो. पेनाने लिहिलेला मजकूर यंत्रावर सोडण्याची माझी तयारी नाही. म्हणून एक सहकारी प्रत्येक प्रत डोळ्यांखालून घालतात, कमी आलेला माल, फुटलेली बाटली किंवा बॅच क्रमांकातील फरक वेगळा नोंदवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवढी रक्कम बिलातून कमी करणारी क्रेडिट नोट निघते. या कामाला रोज दीड तास लागतो, आणि तो वाचवण्याचा विचारही मी करणार नाही.

जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाचे दस्तऐवज जपावे लागतात. ट्रान्सपोर्टच्या काही पावत्या थर्मल कागदावर येतात आणि त्यांची अक्षरे त्याआधीच उडतात, म्हणून त्या आल्या दिवशीच स्कॅन होतात. पोटमाळ्यावरचे जुने गठ्ठे अजून तसेच आहेत. त्यांतली ज्यांची येणी बाकी आहेत तेवढीच बिले सध्या आम्ही एकेक करून शोधून काढत आहोत.