जरीमरीला विमानं बघायला जाताय? आधी वारा बघा, आणि गच्चीचे पैसे देऊ नका

मुंबईत विमानं कुठून बघावीत यावर जे व्हिडिओ फिरतात, ते एकतर अर्धवट असतात नाहीतर कुणाच्या तरी हॉटेलची जाहिरात. "विमानतळाला खेटून असलेलं रूफटॉप, विमान डोक्यावरून जातं" असं एका व्हिडिओत ठासून सांगितलं होतं. डोंबिवलीचा माझा मित्र आणि मी कॅमेरे घेऊन तिथे पोहोचलो, तर गच्चीला चहूबाजूंनी काळपट काच. माणशी किमान हजाराची ऑर्डर. वर मोठी लेन्स दिसताच "प्रोफेशनल कॅमेऱ्याचे वेगळे लागतील" हे ऐकवलं. त्या काचेतून आलेला एकही फोटो ठेवण्याच्या लायकीचा नाही. अशा कुठल्याही जागी जाण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: काच आहे का, आणि किमान बिल किती. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर जाऊ नका.

खरी जागा जरीमरी: विमानतळाच्या पूर्व टोकाला, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. घाटकोपरहून मेट्रो एकने साकीनाका, तिथून अंधेरी-कुर्ला रस्त्याने कुर्ल्याच्या दिशेला दीड-दोन किलोमीटर. हा टप्पा व्हिडिओत कुणीच दाखवत नाही, आणि सगळ्या दिवसाचा दम तिथेच निघतो. फुटपाथ नावालाच, त्यावर गॅरेजचं सामान, हातगाड्या, उघडी गटारं. चालायचं तर रस्त्यावरून, आणि रस्त्यावर बेस्टच्या बसेस, टेम्पो, टँकर. पाठीवर जड बॅग आणि हातात कॅमेरा असताना हे अंतर दुपारी चालू नका. रिक्षा करा, पण मीटरने. आम्हाला पहिल्याने दोनशे सांगितले, दुसऱ्याने दीडशे, "विमान बघायला जाणारे सगळे देतात" असं वर म्हणून. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे आणि एवढ्या अंतराला मीटर चाळिशीच्या आत राहतो. कॅमेरा बॅगेत ठेवूनच रिक्षाला हात करा. नुसतं "जरीमरी" म्हणा, विमानाचं नाव काढू नका.

तिथे उतरल्यावर पुढचा सापळा. गळ्यातला कॅमेरा दिसला की एखादा पोऱ्या चिकटतो: गच्चीवरून एकदम समोर दिसतं, माणशी पाचशे. घासाघीस करून तीनशेवर आला. वर पाण्याच्या टाक्या, पत्रे आणि केबलींचं जाळं. विमान टाकीमागून येतं आणि फ्रेममध्ये शिरेपर्यंत गेलेलं असतं. खाली रस्त्यावर फुकट उभं राहून याहून चांगलं दिसतं. गच्चीला एक रुपयाही देऊ नका.

आणि काय दिसतं! विमान 3 अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे दर 100 मीटरला साधारण सव्वापाच मीटर खाली. रनवेच्या तोंडाशी ते सुमारे 15 मीटरवर असतं. तिथून अर्धा किलोमीटर अलीकडे जेमतेम 40 मीटरवर. बोइंग ड्रीमलायनरच्या पंखांचा पसारा 60 मीटर. तो 40 मीटरवरून 24 मिमीच्या लेन्समध्ये कसाबसा मावतो. म्हणून 100-400 ची लांब लेन्स घेऊन येणाऱ्यांनो, सोबत एक रुंद लेन्स आणाच, नाहीतर हाती फक्त पोटाचे फोटो लागतील. बोइंगचं ट्रिपल सेव्हन (777) डोक्यावरून गेलं तेव्हा छातीत धडधडलं, दुकानाचं शटर थरथरलं, आणि सकाळपासूनचा सगळा संताप मी विसरलो.

पण हे सगळं रनवे 27 वर, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, लँडिंग चालू असेल तरच. मुंबईचे दोन रनवे, 09/27 आणि 14/32 (एकाच पट्टीच्या दोन टोकांचे दोन आकडे), एकमेकांना छेदतात. त्यामुळे ते दोन असूनही एका वेळी एकच वापरता येतो. विमानं वाऱ्याच्या विरुद्ध उतरतात, आणि पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असल्याने 27 जवळपास नक्की. पण मुख्य रनवेवर काम निघालं की वाहतूक 14/32 वर जाते, आणि जरीमरीचं आकाश रिकामं पडतं. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस दोन्ही रनवे सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद असतात. ती तारीख आधीच जाहीर होते. घरून निघण्यापूर्वी फ्लाइटरडारवर (विमानं कुठे आहेत ते थेट दाखवणारं ॲप) पाच मिनिटं बघा. विमानं घाटकोपरवरून पश्चिमेकडे रांगेत येत असतील तरच लोकल पकडा.

एका रनवेवर गर्दीच्या वेळी तासाला 45 च्या आसपास विमानं उतरतात-उडतात, म्हणजे दर ऐंशी सेकंदांना एक. हे काम किती घट्ट बसवलेलं आहे ते इथे उभं राहिल्यावरच कळतं. आमच्या डोक्यावरून एका एअरबस A320 ने चाकं खाली असतानाच इंजिनं पूर्ण फुंकली आणि परत वर गेलं. त्याच्या आधीचं विमान रनवेवरून वेळेत बाहेर पडलं नव्हतं. आसपासचे लोक "अपघात, अपघात" म्हणाले. मुळीच नाही. गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं, हा धोका नाही, तो धोका टाळण्याचा नेहमीचा मार्ग आहे, आणि तसा निर्णय घेणाऱ्या वैमानिकाचं मला कौतुकच वाटतं. उलट काळजी वाटावी अशी घटना 8 जून 2024 ची: याच 27 वर एक विमान अजून टेकऑफ घेत होतं आणि मागचं उतरलंही. तो व्हिडिओ पाहिल्यापासून माझं ठाम मत आहे की या रनवेवर आणखी विमानं कोंबू नयेत. नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात दोन समांतर रनवे आहेत. मुंबईला हवं होतं ते तेच.

विमान कंपन्यांच्या दृष्टीने हे आकाश आता एकसुरी झालंय. इंडिगो, इंडिगो, पुन्हा इंडिगो. जेट एअरवेज 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट 2023 मध्ये, विस्ताराचा जांभळा रंग नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विरला. एअर इंडियाचं शेवटचं जंबो (बोइंग 747) 22 एप्रिल 2024 ला इथूनच पंख हलवत गेलं. रंगांसाठी येणाऱ्यांची निराशा होईल. कान मात्र तृप्त होतात: प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचं नवं A320 निओ लांबूनच खोल हुंकार देत येतं, तर जुन्या A320 ची शीळ वेगळीच. आकासा एअरचं बोइंग मॅक्स मी आता डोळे मिटून ओळखतो. बघण्यासारखं म्हणजे एमिरेट्सचं दुमजली A380, त्याची वेळ काढूनच जा.

मोसम? पावसाची उघडीप. दमट हवेत पंखांवर पांढरी वाफ धरते आणि आडव्या वाऱ्यात विमानं नाक डावीकडे वळवून येतात. हिवाळ्यात धुरकं असतं. फोटो राखाडी येतात.

फोटोंबद्दल एक गंभीर गोष्ट. 1937 च्या विमान नियमांतला 13 वा नियम सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. भिंतीजवळ जाऊ नका, पहारा चौकीकडे लेन्स वळवू नका, ड्रोनचा विचारही नको. पोलिसांनी विचारलं तर फोटो दाखवा, हलायला सांगितलं तर हला.

संध्याकाळी जुहू चौपाटीच्या दक्षिण टोकाला गेलो. टेकऑफ छान दिसतात, पण उन्हाच्या विरुद्ध. फोटो हवे असतील तर सकाळीच जा. शेजारच्या जुन्या जुहू विमानतळावर 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअर लाइन्सचं DC-8 सांताक्रूझ, म्हणजे मुंबईचं मोठं विमानतळ, समजून उतरलं होतं. वरून दोन्हींचे रनवे किती सारखे दिसत असतील ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

दोन्ही टर्मिनल बघायची असतील तर टी-वन ते टी-टू टॅक्सी करू नका. मेट्रो तीनची दोन्हीकडे स्टेशनं आहेत, मध्ये फक्त सहार रोड. "मेट्रो लांब पडते, बॅग घेऊन जमणार नाही" असं सांगून आमच्याकडे साडेतीनशे मागितले होते. जिन्याऐवजी लिफ्ट आहे, बॅगेसकट आरामात जमतं.