गुळाची ट्यूब लाल झाली!

आज बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बेनेडिक्ट टेस्ट होती, म्हणजे कॉपरचं निळं द्रावण घालून तापवायचं; कॉपरला इलेक्ट्रॉन देणारी साखर असली की रंग बदलतो. एका ट्यूबमध्ये साखरेचं पाणी, दुसरीत मी घरनं नेलेल्या गुळाचं. दोन्ही उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवल्या. साखरेची निळी ती निळीच. गुळाची आधी हिरवट, मग पिवळी आणि बघता बघता विटेसारखी लाल! कितीतरी वेळ ती उजेडाकडं धरून बघत होते.

सुक्रोजमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना अशा टोकांनी धरून बसतात की कॉपरला इलेक्ट्रॉन द्यायला कुणी मोकळं राहतच नाही. गुळात मात्र काही जोड्या आधीच सुटलेल्या असतात.

संध्याकाळी मामांना फोन केला. करवीर तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ आहे. म्हणाले, "ऊस शिळा झाला की गूळ बसत न्हाई, एवढं आम्हाला ठावं हाय बघ."

अहो मामा, तेच तर! तोडून ठेवलेल्या उसात सुक्रोज फुटत जातं, म्हणून गूळ चिकट होतो. रसात चुना का घालतात तेही आज उमगलं. आंबटपणा कमी झाला की हे फुटणंही कमी होतं. लहानपणापासून त्या काहिलीजवळ उभी राहत आलेय मी.

रविवारी ताजा आणि शिळा, दोन्ही उसांचा रस आणणार आहे.