वायफाय गायब होण्याचं कारण सापडलं: चॅनल १३!

सापडलं मंडळी, सापडलं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना, लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून झालंय, डेस्कटॉप काही नाही, नुसतं काळं टर्मिनल, मोबाईलच्या यूएसबी टेदरिंगवरून डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायला जोडून देणारा प्रोग्रॅम) उतरवून घेतलं आणि पहिल्या फटक्यात आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मिळाला. रविवार ते बुधवार एकदम मस्त चाललं. गुरुवारी दुपारी लाईट गेली, तासाभराने आली, आणि तेव्हापासून घरचं वायफाय लॅपटॉपला दिसेचना.

दोन संध्याकाळी यातच गेल्या. आरएफकिल (वायफाय बंद करून ठेवलंय का ते दाखवणारी कमांड) बघितलं, काही ब्लॉक नाही. डी-मेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, एक एरर नाही. पासवर्ड पुन्हा लिहिला, पॉवर सेव्ह बंद केलं, सप्लिकंट काढून त्याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम आयडब्ल्यूडी टाकून बघितलं, तेच. डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे स्कॅन केलं की शेजारपाजारची चौदा नेटवर्क दिसतात, खालच्या मजल्यावरचंसुद्धा, आणि चार फुटांवरचा आपला राउटर नाही! मोबाईल तिथेच टेबलावर, त्याला फुल रेंज.

शनिवारी रात्री सहज मोबाईलवरून राउटरचं पान उघडलं तर चॅनल (वायफायच्या पट्ट्यातला ठरावीक फ्रिक्वेन्सीचा कप्पा) ऑटोवर, आणि कंसात १३. लाईट आल्यावर राउटर नव्याने चालू झाला आणि त्याने स्वतःच १३ निवडला होता. लगेच लॅपटॉपवर कार्डाला कोणते चॅनल चालतात ते दाखवणारं 'आयडब्ल्यू फाय' मारलं, खाली खाली गेलो, २४६२ मेगाहर्ट्झ म्हणजे ११ नंबरचा चॅनल ठीक, आणि पुढच्या दोन ओळी, २४६७ आणि २४७२ म्हणजे १२ आणि १३, दोन्हीपुढे डिसेबल्ड. ती ओळ दिसली तेव्हा खुर्चीतून उठलोच मी.

हा लॅपटॉप मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेला. आतलं वायफाय कार्ड एआर ९२८५, त्याच्या ईईप्रॉममध्येच (कार्डातल्या कायमच्या मेमरीत) देश अमेरिका लिहिलेला. लिनक्सच्या नियमांच्या यादीत अमेरिकेसाठी २४७२ मेगाहर्ट्झपर्यंतच परवानगी, आणि चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद असतो म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा, त्यामुळे ११ बरोबर काठावर बसतो आणि १२, १३ बाहेर. आपल्याकडे १३ पर्यंत चालतं. मग देश भारत करायला 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' केलं, वाटलं झालं काम, तर कंट्री ९८ दिसायला लागलं. ९८ म्हणजे दोन देशांच्या नियमांत जेवढं सामाईक तेवढंच. कार्डात देश लिहिलेला असेल तर आपण नियम आणखी कडक करू शकतो, सैल नाही. ड्रायव्हर लोड होतानाच देश सांगायचा ऑप्शन मॉडप्रोबमध्ये देऊनही फरक पडला नाही. ड्रायव्हर पॅच करणारे, म्हणजे त्याचा कोडच बदलणारे लोक आहेत, पण दर कर्नल अपडेटला पुन्हा तेच करत बसायला मी तयार नाही.

शेवटी उपाय राउटरवर केला, ऑटो बंद, चॅनल १ पक्का. पुन्हा स्कॅन, आणि आलं की नाव! सिग्नल उणे ४८ डीबीएम, म्हणजे चांगला जोरदार. पिंगचं (कनेक्शन तपासायच्या कमांडचं) पहिलं उत्तर आलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, घरात सगळे झोपलेले, नाहीतर ओरडलोच असतो. मग मुद्दाम राउटरचा स्विच तीनदा बंद-चालू केला, तिन्ही वेळा लॅपटॉप आपला आपण जोडला गेला.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून डोंगल (यूएसबीत लावायचं वायफाय) आणायचं ठरवलं होतं ते रद्द. तसंही ज्या डोंगलच्या खोक्यावर चिपचं नाव नाही ते घेऊच नका, ड्रायव्हर कर्नलमध्ये नसला तर दर कर्नल अपडेटला डीकेएमएसने (ड्रायव्हर पुन्हा बांधून देणाऱ्या प्रोग्रॅमने) तो कंपाइल होत बसतो. माझ्या कार्डाच्या एटीएच९के ड्रायव्हरला वेगळं फर्मवेअर (कार्डात चढवायची फाइल) लागत नाही, कार्ड खोचलं की चालू. जुनं असलं तरी यापेक्षा सरळ कार्ड मी अजून वापरलेलं नाही.

या रविवारी आईच्या अभंगांच्या रेकॉर्डिंगसाठी म्युझिक सर्व्हर लावणार होतो, पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. चॅनल १ मी अंदाजाने निवडलाय, खरा रिकामा कोणता ते मोजता येईल की! हे कार्ड आयडब्ल्यूच्या 'सर्व्हे डम्प' कमांडमध्ये चॅनल किती वेळ बिझी होता ते मिलिसेकंदांत देतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीत) दर दहा मिनिटांनी आधी स्कॅन, मग डम्प, सगळं एका फाइलमध्ये, आठवडाभर. स्क्रिप्ट अर्धी लिहून झालीये, म्युझिक सर्व्हर पुढच्या रविवारी.