बोगद्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन

जुलैत श्रीलंकेला निघालो तेव्हा ज्याने त्याने एकच विचारलं, "ऐन पावसात कशाला जाताय?" कोलंबो आणि गॉलचे चार दिवस त्या प्रश्नाला साजेसेच गेले, भिजण्यात. सांगायचंय ते पुढच्या एका दुपारबद्दल.

कँडीहून बदुल्लाच्या गाडीत बसलो. गर्दी प्रचंड. दार अडवून फोटो काढणाऱ्या पर्यटकांमुळे गावी निघालेल्या बायाबापड्यांना चढता-उतरता येत नव्हतं, त्याचा मनापासून राग आला. हॅटन, तलवाकेले, नानू ओया, सगळीकडे झड लागलेली. नानू ओयाला चहा घ्यायला उतरलो आणि बूट आतपर्यंत भिजले. पट्टिपोला हे तिथलं सर्वांत उंच स्टेशन, जवळजवळ 1900 मीटरवर. तिथे धुक्यात फलाटाचं टोकही दिसेना. मग गाडी बोगद्यात शिरली.

बाहेर आलो तो लख्ख ऊन!

डब्यात क्षणभर सगळे गप्प झाले. ओहियाच्या बाजूला खाली दरीपर्यंत स्वच्छ दिसत होतं, हवा कोरडी होती. मी मागे वळून पाहिलं. डोंगरमाथ्यावर ढगांची पांढरी भिंत उभी होती, पण अलीकडे उतरत नव्हती.

मी वाईचा. आम्हाला पर्जन्यछाया पुस्तकातून शिकावी लागत नाही. लहानपणापासून पाहतोय, पसरणी घाटावर आभाळ काळंकुट्ट होतं आणि आमच्या अंगणात चार थेंब पडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तीसेक किलोमीटरवर आम्हाला हजाराच्याही आत. नैर्ऋत्येचा वारा डोंगर चढताना थंड होतो, पाणी तिकडेच टाकतो आणि कोरडा होऊन खाली उतरताना तापतो. श्रीलंकेतही हेच. पूर्व उतारावरच्या त्या तापट वाऱ्याला तिथे 'कच्चान' म्हणतात. उवा भागातला चहा नावाजलेला आहे तो याच वाऱ्यामुळे. जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत तिथलं पान कमी वाढतं आणि त्याला तो खास वास येतो.

बंडारवेलाला ज्यांच्या घरी उतरलो त्या अम्मांनी आल्या आल्या बादली दाखवली. "आंघोळ एवढ्यातच करा. विहीर खाली गेलीय." एवढ्या पावसातून आलेल्या पाहुण्याला हे सांगताना त्यांना संकोच वाटत होता. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमची आईसुद्धा मे महिन्यात पाहुण्यांना असंच सांगायची. त्यांनी माझे ओले बूट उचलले आणि अंगणातल्या भिंतीवर उन्हात उपडे ठेवले.

मी म्हणालो, "आमच्याकडेही असंच असतं. डोंगराच्या मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला काही येत नाही."

"आमच्या वाट्याला येतं की," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात या. आठवडा आठवडा कपडे वाळत नाहीत."

माझा जीव अडकला तो इथे. हिवाळ्यात वारा फिरतो, बंगालच्या उपसागरावरून ईशान्येचा येतो, तेव्हा भिजण्याची पाळी पूर्व उताराची असते आणि छाया पश्चिमेवर जाते. मग जानेवारी ते मार्चमध्ये पलीकडच्या दिंबुला भागातला चहा बहरात येतो. तोच डोंगर कधी एका वाऱ्याला अडवतो, कधी दुसऱ्याला. आमच्या सह्याद्रीला अशी पाळी ठाऊकच नाही. वाईच्या बाजूला परतीचा पाऊस चार सरी देऊन जातो, तेवढाच. हे ऐकून मला त्या अम्मांचा हेवा वाटला, खरंच वाटला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "तिकडं पाऊस हाय का रं?"

"डोंगराच्या कुठल्या अंगाला, ते सांग," मी म्हणालो.

ती जरा थांबली. "आपल्या अंगाला."

"नाही गं. लख्ख ऊन होतं."

फोन ठेवून बूट आणायला गेलो. आत हात घातला, पार खडखडीत वाळले होते. पश्चिमेला माथ्यावर ढगांची ती भिंत अजून तशीच होती.